फोटो काढणारा कुठे उभा होता?

मोबाईल आल्यापासून मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या धंद्याची चौकशी करतो, आणि तीही आजारी माणसाची करावी त्या सुरात. "अजून चालतो का हो स्टुडिओ?" चालतो. रत्नागिरीच्या बाजारात जिन्याखालच्या त्याच गाळ्यात चालतो. लोक स्वतःचे फोटो स्वतः काढायला लागले, तरी पासपोर्टचा फोटो कोणाला धड काढता येत नाही आणि गेलेल्या माणसाचा तर मुळीच येत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं आहे.

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. आमच्याकडे बोटीवर जाणारी पोरं पुष्कळ, म्हणून माझ्या कॉम्प्युटरात न हसणारे तरुण ढिगाने सापडतील. गेलेल्या माणसांचं काम जरा नाजूक असतं. घरचे एखादा लग्नातला घोळका घेऊन येतात आणि म्हणतात, "यातले आमचे अण्णा तेवढे काढून द्या." मग अण्णांच्या खांद्यावरचा दुसऱ्या कोणाचा हात पुसायचा, मागचा मंडप घालवायचा, सदऱ्यावर कोट चढवायचा. पावस गावच्या एका बाईंनी यजमानांचा चष्मा काढायला लावला होता. चष्म्यातून ते रागाने बघतात, म्हणाल्या. मी चष्मा काढला. आठ दिवसांनी परत आल्या, "आता जास्तच रागावलेत, घाला परत."

पण आमच्या धंद्यातलं एक काम बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ते म्हणजे बंदोबस्ताचं शूटिंग. मिरवणूक असो, मोर्चा असो किंवा वादातली पालखी असो, जिथे गडबड होईल अशी पोलिसांना शंका येते तिथे ते आमच्यासारख्या खासगी फोटोग्राफरला बोलावतात. उद्या काही झालं तर कोण काय करत होतं याचा पुरावा हवा म्हणून. आपण पोलिसांच्या आड उभं राहायचं, दिसेल ते टिपायचं, एक प्रत आपल्याकडे ठेवायची आणि कार्ड देऊन घरी यायचं. गडबडीच्या आधी शांतता कमिटीची बैठक होते, तिचेही फोटो मीच काढतो. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर बसतात, चहा येतो, शेवटी साहेब म्हणतात, "हात मिळवा, फोटोग्राफरकडे बघा." फ्लॅश विझायच्या आत हात सुटलेले असतात. असे फोटो मी इतके काढले आहेत की शांतता कशी दिसते असं कोणी विचारलं, तर मला चहाचे कप आठवतात.

आता ज्या गावाबद्दल सांगणार आहे त्याचं नाव सांगत नाही. रत्नागिरीपासून एसटीच्या अंतरावर आहे, एवढं पुरे. गावाच्या दोन वाड्या आहेत, वरची आणि खालची, आणि मधून एक पऱ्या वाहतो. पावसाळ्यात त्याला पाणी असतं, शिमग्यापर्यंत नुसते दगड उरतात. देवी एकच, पालखीही एकच. शिमग्यात ती घरोघर फिरते, बायका ओटी भरतात, मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात. भांडण होतं ते पालखी पऱ्या ओलांडताना ती कोणाच्या खांद्यावर असावी याचं. वरची वाडी म्हणे आमचा मान, खालची म्हणे आमचा. बाहेरच्याला हसू येईल. पण आमच्याकडे मानापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, तिथे वाड्यांचं काय सांगायचं.

त्या वर्षी वाद हाताबाहेर गेला. मी वरच्या वाडीच्या बाजूला एका गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडांच्या कुंपणावर उभा होतो. समोर वरच्या वाडीची गर्दी, तिच्यापुढे पऱ्या आणि पलीकडे खालची वाडी. पालखी साणेवर, म्हणजे ती ठेवायच्या दगडी ओट्यावर, तशीच टेकलेली. आधी शिव्या झाल्या, मग ढोल थांबले आणि ढोल थांबले की मला कळतं. दोन्हीकडून दगड सुटले. मी बटण दाबून धरलं. असं केलं की कॅमेरा एकामागून एक फोटो घेत जातो, बघायला वेळ नसतो. पोलीस मध्ये घुसले तेव्हा वरच्या वाडीचा एक मुलगा पऱ्याच्या काठावर पडला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होता.

त्याचं नाव मंदार. वय बावीसच्या आसपास. त्याचा उजवा डोळा गेला.

मंदार आणि त्याची धाकटी बहीण सायली यांना वडील नाहीत. त्यांच्या थोरल्या काकांनी, तात्यांनी, दोघांना वाढवलं. तात्या म्हणजे वरच्या वाडीचा आवाज. मनगटात पितळेचं जाड कडं, खांद्यावर पंचा, बैठकीत पहिलं आणि शेवटचं वाक्य त्यांचंच. मंदारला घेऊन ते कोल्हापूर, मुंबई सगळीकडे फिरले, दवाखान्याच्या बाकांवर झोपले. गावात परतले ते एकच ध्यास घेऊन, की पोराचा डोळा फोडणारा तुरुंगात गेला पाहिजे. तक्रारीत नाव पडलं खालच्या वाडीच्या ओंकारचं. तो पुढच्या रांगेत होता आणि मंदारशी त्याचं पूर्वीचं वैर होतं. हे वैर म्हणजे क्रिकेटच्या सामन्यात कोणीतरी कोणाला धावचीत केलं होतं, इतकंच. पण पोलिसांच्या कागदावर ते फार गंभीर दिसतं. माझ्या शूटिंगमध्ये ओंकार हातात काहीतरी घेऊन उभा दिसत होता. तसे तर सगळेच दिसत होते, पण शोधलं ओंकारला, म्हणून सापडला ओंकार. मंदारने जबाबात एवढंच सांगितलं की दगड कोणी मारला ते दिसलं नाही.

ओंकारचं बोटीवरचं काम जवळजवळ ठरलं होतं. पासपोर्टचा फोटो मीच काढला होता. आता पोलिसांचा दाखला मिळेना आणि दाखल्याशिवाय बोट नाही. तो कॉलेजात नाव टाकून दिवस काढू लागला.

माझा एक फोटो त्या सुमारास फार गाजला. दगड लागायच्या क्षणभर आधीचा मंदार, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. पेपरात आला. मग वाडीच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला, 'मंदारला न्याय मिळालाच पाहिजे'. फ्लेक्सवाल्यांची एक रीत आहे. ते माणूस कापून घेतात आणि मागे आपल्या मनाचं काहीतरी घालतात. वाढदिवसाला ढग आणि वाघ, निषेधाला लाल ज्वाळा. मंदारच्या मागे ज्वाळा आल्या, वर कोपऱ्यात देवीचा मुखवटा. वर्षभर तो फ्लेक्स तिथे होता. उन्हाने ज्वाळा गुलाबी झाल्या. मी त्या रस्त्याने जायचो तेव्हा थोडा अभिमानही वाटायचा की माझा फोटो आहे, खोटं कशाला बोलू.

पुढच्या शिमग्याच्या आधी कॉलेजने मला मुलांसाठी रविवारचा वर्ग घ्यायला सांगितलं. मोबाईलवर फोटो कसे काढावेत हा विषय. पोरांना मोबाईल माझ्यापेक्षा जास्त कळतो, तेव्हा मी वेगळंच शिकवायचं ठरवलं. जुने फोटो टेबलावर ठेवायचो आणि सांगायचो, "फोटोत काय आहे ते मला सांगू नका. फोटो काढणारा कुठे उभा होता ते सांगा." सावली कुठे पडली, कोणाचे चेहरे दिसतात, कोणाची पाठ दिसते, यावरून ते कळतं. मुलांना हा खेळ फार आवडला. वर्गात सायली होती, पहिल्या बाकावर. ओंकारही होता, शेवटच्या बाकावर. दोघं एकाच एसटीने यायची, ती वरच्या थांब्यावर चढायची, तो खालच्या. एकमेकांकडे बघायची नाहीत.

शेवटच्या रविवारी मी सगळ्यांना घरचा एकेक फोटो आणायला सांगितलं होतं. कोणी मुंज आणली, कोणी सहल. सायलीची पाळी आली तेव्हा तिने मोबाईल माझ्या लॅपटॉपला जोडला आणि भिंतीवर मंदार उमटला. ज्वाळा नसलेला, माझा मूळ फोटो. तक्रारीच्या वेळी मीच त्यांच्या घरी दिला होता. मला वाटलं, ही आता ओंकारला सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार, आणि मी पुढे झालो.

सायली परीक्षेत उत्तर द्यावं तशी बोलली. "फोटो काढणारा उंचावर उभा आहे, बहुतेक गडग्यावर. वरच्या वाडीच्या लोकांच्या मागे. कारण वरच्या वाडीच्या सगळ्यांच्या पाठी दिसतात. पलीकडे खालची वाडी आहे, तिचे चेहरे दिसतात, पण लहान." मग ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तिथेच उभे होतात ना?"

मी हो म्हणालो.

"मग दादाचा चेहरा कसा दिसतो?"

मी भिंतीकडे पाहिलं. हा फोटो मी काढला, पोलिसांना दिला, पेपरला दिला, फ्लेक्सवाल्याला दिला. किती वेळा पाहिला त्याला मोजमाप नाही. आणि त्या क्षणी मला तो पहिल्यांदा दिसला. सगळी वाडी पऱ्याकडे तोंड करून उभी, एकटा मंदार पऱ्याकडे पाठ करून. हात पसरले होते ते आपल्याच माणसांना अडवायला. ज्याचं तोंड आमच्याकडे आहे त्याच्या डोळ्यात पलीकडून दगड येणार कसा? मी खुर्चीवर बसलो, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. शेवटच्या बाकावर ओंकार उभा राहिला होता आणि त्याला परत बसायचं सुचत नव्हतं.

स्टुडिओत येऊन मी दगडफेकीच्या दिवसाचे फोटो उघडून बसलो. बटण दाबून धरलेलं, त्यामुळे पुढचे आणि मागचे सगळे होते. मंदारच्या त्या फोटोच्या लगेच पुढच्या फोटोत, गर्दीच्या डोक्यांवरून एक हात वर गेलेला आहे. हातात जांभ्याचा तुकडा आणि मनगटात पितळेचं जाड कडं.

मी मॉनिटर बंद केला. खरं सांगतो, मला त्या कॉम्प्युटरची भीती वाटली.

दोन दिवसांनी सायली आली, मंदारला घेऊन. काळा चष्मा लावलेला मंदार फोटोतल्यापेक्षा वयाने मोठा वाटत होता. थोड्या वेळाने ओंकारही आत आला, त्याला सायलीनेच बोलावलं होतं. तिघं माझ्या छोट्या स्टुडिओत, पासपोर्टच्या पांढऱ्या पडद्यासमोर उभी. बसायला एकच स्टूल, आणि त्यावर कोणी बसेना. मी काय दाखवू आणि काय लपवू या विचारात होतो, तोवर मंदारच बोलला.

"मला म्हाईत हाय, काका. मी तात्याकडेच बघत होतो. तात्या नको, तात्या नको, असाच ओरडत होतो. त्याने दगड पलीकडे भिरकावलान, मी मधी आलो."

सायलीला हे घरी कळलं होतं, पण ऐकताना तिने परत तोंड फिरवलं. मी विचारलं, वर्षभर गप्प का राहिलास. तो म्हणाला, "तात्याला म्हाईत नाय. त्याला वाटता त्याचा दगड पऱ्यापार गेला. कळला तर तो जगायचा नाय. बापाच्या जागी हाय आमच्या." मग ओंकारकडे न बघता म्हणाला, "तुझा वाटोळा झाला माझ्यामुळे."

मी ओंकारकडे पाहिलं. एका वर्षात या मुलाची बोट गेली होती, आई-बाप कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. त्याने आरडाओरडा केला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो पांढऱ्या पडद्याला टेकला.

"माझा नाव काढा," तो म्हणाला. "पण त्या जागी दुसऱ्याचा टाकू नका."

एवढी वर्षं मी शांतता कमिटीचे फोटो काढतो आहे. इतकं साधं वाक्य त्या खुर्च्यांवरून मी कधी ऐकलेलं नाही.

पुढचं सगळं त्या पोरांनी ठरवलं. दोन्ही वाड्यांची कॉलेजात येणारी मुलं-मुली आता एसटीत एकत्र बसू लागली होती, आणि गावात त्याचा अर्थ साहजिकच लग्नाचा लावला जात होता. मी फक्त मूळ फोटो मोठा करून दिला आणि फ्लेक्सवाल्याकडे सोबत गेलो. तो मागे ज्वाळा घालू का विचारत होता. सायली म्हणाली, नको. देवीचा मुखवटा? नको. मजकूर काय? काहीच नको. एवढा मोठा फ्लेक्स आणि त्यावर कोणाचं नाव नाही, शुभेच्छुक नाहीत, त्या बिचाऱ्याला धक्काच बसला.

होळीच्या आदल्या सकाळी वाडीच्या तोंडावरचा गुलाबी पडलेला फ्लेक्स उतरला आणि त्याच बांबूंवर नवा चढला. चढवणारे हात दोन्ही वाड्यांचे होते. त्यात काहीच कापलेलं नव्हतं. पुढे वरच्या वाडीच्या पाठी, मध्ये हात पसरलेला मंदार, त्याच्यामागे पऱ्या, पलीकडे खालची वाडी आणि तिच्यात, मंदारच्या पाठीमागे, ओंकार. माणसं जमली. आधी कोणाला काही कळेना, जुना फोटो परत का लावला म्हणून कुरबूर झाली. मंदार फ्लेक्सखाली उभा राहिला आणि चष्मा काढला. तो डोळा वाडीने इतक्या उजेडात पाहिला नव्हता.

"मी इकडे बघत होतो," तो म्हणाला. "दगड इकडून आला. ओंकार माझ्या पाठीमागे होता. कोणाचा दगड ता मी सांगायचा नाय, आणि कोणी विचारू नका."

मी बाजूला कॅमेरा घेऊन उभा होतो, पण बटण दाबायचं विसरलो. कारण जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या गर्दीतल्या ज्या ज्या माणसाने त्या दिवशी दगड उचलला होता, तो फ्लेक्सवर स्वतःची पाठ शोधत होता. सदऱ्यावरून, टोपीवरून. एकेक जण पुढे यायचा, पाठ सापडली की मागे सरकायचा. आपण किती लांबून आणि कोणत्या अंगाने मारला होता, याचा हिशोब प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. तात्याही आले. पंचा सावरत बराच वेळ वर बघत राहिले, मग कोणाला काही न सांगता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या स्टुडिओच्या दारात उभे. नेहमी येताना "काय फोटोवाले" म्हणून हाक मारायची सवय, आज काही नाही. आत येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, तुम्ही बटण दाबून धरता हे मला ठाऊक आहे, म्हणजे त्याच्या पुढचाही फोटो असणार. मी हो म्हणालो. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि डाव्या हाताने ते कडं गोल फिरवत होते.

"त्यात माझा हात दिसतो काय?"

माझ्यासमोर कॉम्प्युटर होता. पोरांनी मला काही बजावलं नव्हतं, त्यांना तो दुसरा फोटो मी दाखवलाच नव्हता. मी पोलिसांसाठी पुरावे टिपणारा माणूस. आजवर फोटोतल्या माणसाला कोट चढवला असेल, चष्मा काढला असेल, पण फोटोत काय आहे हे विचारल्यावर खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, "नाही दिसत, तात्या. गर्दीच दिसते."

त्यांना पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"दिसत नसला," ते म्हणाले, "तर मलाच सांगायला हवा."

आणि ते समोरच्या रस्त्याने पोलीस ठाण्याकडे चालू लागले. मी दारापर्यंत गेलो. थोड्या वेळाने मंदार धावत आला, त्याला घरी काहीतरी सांगून ते निघाले असावेत. मी ठाण्याकडे बोट दाखवलं. तो तिथल्या तिथे खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तात्यांवरचा खटला अजून चालू आहे. मंदार प्रत्येक तारखेला त्यांच्यासोबत जातो. ओंकारचं नाव निघायला फार वेळ लागला, पण निघालं. बोटीसाठी नवा फोटो काढायला आला तेव्हा मंदार त्याच्यासोबत होता आणि त्याला हसवायचा प्रयत्न करत होता, त्यामुळे तो फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा लागला.

त्या वर्षी पालखीने पऱ्या ओलांडला. खांद्याचं काय झालं म्हणाल, तर पोरांनी सुचवलं की जाताना पुढचा दांडा वरच्या वाडीचा आणि मागचा खालच्या वाडीचा, येताना उलट. इतकं सोपं आहे हे म्हाताऱ्यांना पिढ्यान् पिढ्या सुचलं नव्हतं, म्हणून ते थोडे खट्टू झाले. मला बंदोबस्ताचं बोलावणं होतंच. साहेबांनी विचारलं कुठे उभे राहता, मी कोरड्या पऱ्यात मधोमध जाऊन उभा राहिलो. तिथून दोन्हीकडचे चेहरे येतात.

ते शूटिंग मी कधीकधी बघतो. ढोल वाजतो आहे, पालखी नाचते आहे, गुलालात सगळी माणसं हात वर करून उभी आहेत, वरची कोण आणि खालची कोण, ओळखू येत नाही. जामिनावर सुटलेले तात्या त्यात एकदाच दिसतात. गर्दीच्या अगदी मागे, गडग्याजवळ. मनगटात कडं नाही. आणि त्या सगळ्या वर गेलेल्या हातांमध्ये त्यांनी एकट्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले आहेत.